एकशे बारा नंबरचा चाफा

माझा मामा सकाळी कामाला निघायचा, एवढंच नक्की असायचं. पोचायचा कधी, ते वाटेतल्या झाडांवर. कुठे पालवी फुटलेली दिसली की हा तिथेच उभा, मान वर, डबा हातात, आणि मागून सायकलवाले घंट्या वाजवून दमले तरी याला पत्ता नाही. मामी म्हणायची, "यांना बाजारात पाठवलं तर पिशवी घरी येते, हे येत नाहीत." गल्लीत सगळे त्याला 'तंद्री' म्हणायचे, अगदी तोंडावर. त्याला राग यायचा नाही. राग यायला माणूस आधी जागेवर असावा लागतो.

मी त्याची भाची. शिकायला म्हणून त्यांच्याकडे आले आणि त्यांचीच होऊन बसले. पुढे मामाच्याच ऑफिसात टायपिंगला लागले. मला तंद्री-बिंद्री लागत नाही. मला राग येतो, आणि तो पटकन येतो. घरात मामी आणि मी अशा दोन बायका फटाफट बोलणाऱ्या आणि मधे हा ढगात. आमचं छान चालायचं.

ऑफिस म्हणजे गावातल्या मोठ्या बागेची कचेरी. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला एक बसकी खोली. दोन टेबलं, लाथ घातल्याशिवाय दार न लागणारं एक कपाट, वर कुरकुरणारा पंखा आणि एकच खिडकी. मामाचं टेबल त्या खिडकीला लावण्याची अक्कल कुणाला सुचली होती देव जाणे! समोर सगळी बाग पसरलेली. दुपारी माळी नळी सोडून निघून जायचा आणि पाणी आपलं आपण वाट काढत एकेका आळ्यात शिरायचं. उन्हाचे कवडसे टेबलावर यायचे, कागदांवरून सरकत भिंतीवर चढायचे. मामा म्हणायचा, अशा वेळी कुणी बघत नसलं की झाडं जरा कूस बदलतात. मी म्हणायचे, "मामा, सही कर." तो सही करायचा, पण भलत्याच कागदावर.

ही बाग गावातल्या लोकांनीच लावलेली. कुणाला मूल झालं, कुणी परीक्षा पास झालं, कुणी नवं घर बांधलं, की इथे येऊन एक झाड लावायचं. झाडाला रांगेचा नंबर आणि रांगेतला नंबर, दोन्ही कोरलेली पत्र्याची पाटी. पुढे पाट्या गंजून गळून गेल्या, वाटा वळल्या, मधे एक तळं झालं. लोक मात्र येतच राहिले. "आमच्या आजोबांनी झाड लावलं होतं, कुठे असेल हो?" हे सांगणं मामाचं काम. आधी तो स्वतः उठून त्यांच्याबरोबर जायचा आणि संध्याकाळी परत यायचा, कधीकधी दुसऱ्याच माणसांबरोबर. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि मामाला त्यावरची रकान्यांची शीट शिकवायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

पालथ्या घड्यावर पाणी, असं मला वाटलं होतं. पण गंमत बघा, याला ते आवडलं. मी सांगितलं, "नुसतं आडनाव दिलंस तर फॉर्म्युला वरून खाली शोधत जातो आणि पहिलं जे जुळेल ते उचलून देतो. एका आडनावाची इथे ढीगभर घरं. म्हणून अटी वाढवायच्या. आडनाव, साल, झाडाची जात. तिन्ही जुळली तरच उत्तर."

"म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असायला हव्यात."

"हो."

"असं कुठे कुणी सापडतं का गं?"

संध्याकाळी मामीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मला तरी नाही सापडलं."

तरीही मामाने चिकाटीने एक शीट उभी केली. लागवडीच्या जुन्या नोंदी एका पानावर: आडनाव, साल, जात, रांग, नंबर. दुसऱ्या पानावर आजची बाग, म्हणजे कोणतं झाड आता नेमकं कुठे आहे. हे दुसरं पान त्याने स्वतः दोरी घेऊन बागभर फिरून केलं. दोन्ही पानं जुळवायला जात, रांग आणि नंबर असे तीन रकाने त्याने एकमेकांना चिकटवून एकच शब्द केला. आंबा, तीन, सात, म्हणजे 'आंबा३७'. हा शब्द इकडचा घ्यायचा आणि तिकडे शोधायचा. पहिल्यांदा उत्तर आलं तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून कितीतरी वेळ नुसता बघत बसला. म्हणाला, "तिघं हात धरून उभे राहिलेत बघ." मी म्हटलं, "बरं, आता चहा पिऊया." खरं सांगते, मलाही ते क्षणभर तसंच दिसलं होतं.

अशातच नर्सबाई आल्या. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, उंच, मनगटं दणकट, आवाज असा की आजारी माणसाने गप गोळी गिळावी. आत आल्या, छत्री दाराला अडकवली आणि उभ्यानेच सांगू लागल्या. त्या जन्मल्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी बागेत एक चाफा लावला होता. पुढे त्या लहान असतानाच वडील जहाजावर कामाला गेले. येतो म्हणाले, आणि आले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही, बरंवाईट काही कळलं नाही. आई जाताना एवढंच सांगून गेली की बागेत तुझ्या नावाचा चाफा आहे.

"घरात त्यांचा फोटोसुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "काय असेल ते एवढंच झाड."

मामाने आडनाव टाकलं, साल टाकलं, चाफा टाकला. नोंद निघाली. तिथून दुसऱ्या पानावर उडी, आणि उत्तर आलं: पहिली रांग, फाटकाजवळ. मामा त्यांना घेऊन गेला. मी खिडकीतून बघत होते. वाकड्या फांद्यांचा, खाली पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला चाफा. बाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "अस्सं! इथे आहेस होय तू!"

त्या दिवसापासून बाई रोज दुपारी यायच्या. चाफ्याखाली सतरंजी टाकायच्या आणि भांडायच्या. हो, चक्क भांडायच्या! "आई तापाने फणफणली होती तेव्हा कुठे होतास? शाळेत सगळ्यांचे बाप यायचे, मी काय सांगायचं होतं?" कधी आवाज चढायचा, कधी नुसतं पुटपुटणं. एकदा त्यांनी छत्रीने खोडाला ढोसलंसुद्धा. मी काम सोडून ऐकत बसायचे. लाज वाटायची, पण कान तिकडेच. एवढी बोलणी खाऊन एखादं झाड वाळून गेलं असतं. हा पठ्ठ्या उलट जोरात फुलायला लागला.

मामा मधूनच उठायचा, त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून न्यायचा आणि तिथेच बाजूला बसायचा. वरून एखादं फूल गिरक्या घेत यायचं, कधी बाईंच्या मांडीवर, कधी मामाच्या टकलावर. दोघंही ते झटकायचे नाहीत. खिडकीच्या चौकटीतून ते सगळं इतकं संथ दिसायचं की मीही कीबोर्डवर हात ठेवून कुठेतरी निघून जायचे. माझा स्वतःचा बाप मी लहान असतानाच गेला. तो जिथे निजलाय ती जागा निदान मला ठाऊक आहे. बाईंना तेवढंही ठाऊक नव्हतं, म्हणून मला त्यांची माया वाटायची.

असा एक हिवाळा गेला, एक उन्हाळा गेला. दुसरा हिवाळा येता येता रस्त्याचे साहेब आले.

रस्ता रुंद होणार होता आणि फाटकाजवळची पहिली रांग त्यात जाणार होती. साहेब तसे वाईट नव्हते, घाईत होते. ज्या झाडाला वारस आहे, म्हणजे लावणारा स्वतः किंवा त्याच्या रक्ताचं कुणी, ते झाड मुळांसकट उचलून बागेत आत लावू. वारस नसेल ते तोडू. शुक्रवारी यादी हवी. झालं! नर्सबाईंनी सगळ्यांच्या आधी अर्ज भरला, ठसठशीत सही केली आणि चाफ्याला जाऊन बजावलं, "जहाजावर पळालास तेव्हा कुणी थांबवलं नाही. आता मी आहे."

यादी करायला मामाने पहिल्यांदाच फॉर्म्युला उलटा फिरवला. आजवर माणसावरून झाड शोधायचो, आता झाडावरून माणूस. पहिली रांग, पहिलं झाड, दुसरं झाड, असं तो खाली खाली येत होता. दुपार कलली होती, मी पेंगत होते. तेवढ्यात तो म्हणाला, "ए, इकडे ये."

आवाज ऐकून मी ताडकन उठले. तंद्री उतरलेला मामा मी तोवर पाहिला नव्हता. पहिली रांग, बारावं झाड, चाफा. लावणारा म्हणून बाईंच्या वडिलांचं आडनाव यायला हवं होतं. आलं होतं: 'टेकडीवरची शाळा, तिसरीचा वर्ग'. सालही वेगळं.

मी वडिलांची नोंद उघडली. रांग अकरा, झाड दोन. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारला. "मामा! रांग एक, झाड बारा: चाफा११२. रांग अकरा, झाड दोन: तेही चाफा११२! दोघांना मधे काही न ठेवता चिकटवलंस. फॉर्म्युला वरून शोधत आला, पहिली रांग आधी लागली, तिथेच थांबला. मधे साधी आडवी रेघ टाकली असतीस तर एक-बारा वेगळा, अकरा-दोन वेगळा!"

मामा पडद्याकडे बघत राहिला. "हात धरलेत एवढंच बघत बसलो," तो हळूच म्हणाला. "कोण कुठे संपतो ते बघितलंच नाही."

आम्ही रेघ टाकून सगळी बाग पुन्हा तपासली. इतर ठिकाणी आकडे असेच सारखे होत होते, पण जात वेगळी असल्यामुळे निभावलं होतं. इथे नेमके दोन्ही चाफेच निघाले. मग आम्ही अकराव्या रांगेत गेलो. बागेच्या पार मागे, पाण्याच्या टाकीआड, पालापाचोळ्याच्या ढिगाजवळ एक चाफा उभा होता. बुंधा जाड, एक फांदी टाकीवर टेकलेली. जुनं झाड. खाली फुलं पडून तपकिरी झाली होती आणि त्यांच्यावर कुणाच्या पावलांची खूण नव्हती. त्याला रस्त्याचा काही धोका नव्हता. मामाने खोडावर हात ठेवला आणि काढेचना.

"तोंडाला कुलूप लाव," मी म्हणाले. "अर्ज भरलाय, सही झालीय. सांगितलंस तर सही खोटी ठरते, झाडाला वारस उरत नाही आणि शुक्रवारची यादी गेली की त्यावर करवत चालते. कुणाचं भलं होणार त्यात?"

"आणि तिचा बाप इथे टाकीमागे उभा राहिलाय, त्याचं काय?"

"तो चाफा आहे मामा, बाप नाही!"

"तिला सांग बघू तसं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाय आपटत परत आले. हा जन्मभर ढगात राहणार आणि नेमका आताच जमिनीवर उतरणार! मला तो चाफा वाचायला हवा होता, आणि बाईंनी तिथेच येऊन भांडत राहायला हवं होतं. त्यांचं ते भांडण थांबेल याची मला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तशा मामा त्यांच्यापुढे जाऊन बसला आणि त्याने सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, 'चूक माझी' हेही सांगितलं. मी दारात उभी होते. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी डोक्यावरच्या फांद्यांकडे असं बघितलं, जसं गर्दीत आपला म्हणून भलत्याचाच हात धरलेला असावा.

"मग मी इतकं बोलले, ते कुणाला?"

मामाने मांडीवर पडलेलं फूल उचलून खोडाशी ठेवलं.

"याला तोडतील आता?"

"वारस नसला तर तोडतील."

"यानं काय घोडं मारलंय हो कुणाचं?" बाईंचा आवाज फाटला. "माझी एवढी बोलणी निमूट खाल्ली. बापाने खाल्ली नसती."

तरी त्या उठून ऑफिसात आल्या, अर्ज मागून घेतला आणि आपल्या सहीवर स्वतः काट मारली. म्हणाल्या, "खोटी सही करून मी आयुष्यात कुणाला गोळीसुद्धा दिली नाही." मामाने विचारलं, टाकीमागचा दाखवू का? त्यांनी मान हलवली, नाही, आणि छत्री विसरून निघून गेल्या.

मी मामाशी बोलले नाही. जेवायला बसलो तर त्याचाही हात ताटात नुसता फिरत होता. मामी एकदा याच्याकडे बघतेय, एकदा माझ्याकडे. शेवटी तिने डाव भांड्यावर आपटला. "काय मूग गिळून बसलात दोघं? कोण मेलं?"

"अजून नाही मेलं, शुक्रवारी मरणार आहे," मी म्हणाले आणि सगळं ओकून टाकलं. मामी ऐकत ऐकत आमटी वाढत होती. मधेच थांबली.

"तिसरीचा वर्ग? टेकडीवरची शाळा? साल काय म्हणालीस?"

मी साल सांगितलं.

"अगं, मग त्यात मी होते की!" मामी म्हणाली. "सगळ्या वर्गाला बागेत नेलं होतं. मातीत हात घालायचा नाही म्हणून मी भोकाड पसरलं, तेव्हा गुरुजींनी माझ्या हातात पाण्याची झारी दिली. झाड काय होतं ते कुणाला आठवतंय! फ्रॉकवर चिखल उडाला होता, तो आठवतोय."

मामा तिच्याकडे असा बघत होता जसा पालवीकडे बघतो. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने हे कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याने झाडांविषयी बोलायला तोंड उघडलं की ती उठून आत जायची.

"असं बघू नका," ती म्हणाली. "सही करीन. पण त्याच्याखाली येऊन बसणार नाही, आधीच सांगून ठेवते."

शुक्रवारी मामी ठेवणीतल्या चपला घालून ऑफिसात आली. साहेबांनी जरा कुरकुर केली, वर्गाने लावलं म्हणजे हिने लावलं कशावरून? मामी म्हणाली, "मग बाकीच्या पोरी तुम्ही शोधून आणा, मी इथेच बसते." साहेबांनी शिक्का मारला.

चाफा आत हलवला त्या दिवशी गावातली निम्मी माणसं बघायला जमली होती. मुळांभोवती ओलं पोतं गुंडाळून, दोरांनी बांधून, क्रेनने त्याला अलगद वर उचललं. क्षणभर तो आकाशात नुसता तरंगत होता. त्याची फुलं कुणाच्याही डोक्यावर पडत होती आणि कुणी ती झटकत नव्हतं. मीसुद्धा. त्या गर्दीत, सगळ्यांच्या मागे, मला नर्सबाई दिसल्या. इतक्या दिवसांत त्या फिरकल्या नव्हत्या. झाड नव्या खड्ड्यात नीट उभं राहीपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग मामाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तो मागचा दाखवा."

आम्ही तिघं निघालो. तळ्याच्या कडेने, रांगांमागून रांगा ओलांडत. पायाखाली पाचोळा आणि डोक्यावर ती दुपार. वाट संपूच नये असं मला वाटत होतं, कारण तिकडे पोचल्यावर बाई काय करतील याची मला धास्ती होती. इतकी वर्षं उराशी धरून ठेवलेलं सगळं आता पुन्हा पहिल्यापासून? खऱ्या जागी?

टाकी ओलांडली आणि बाई थांबल्या. चाफा उभा होता तसाच. बाईंनी कमरेवर हात ठेवले. त्यांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. पुन्हा उघडलं. मग हात आपोआप खाली आले.

"काही उरलंच नाही हो," त्या मामाकडे वळून म्हणाल्या. चेहरा असा, जसं घरी येऊन बघावं तर हातातली पिशवी रिकामी. "सगळं तिकडेच बोलून बसले. याच्यासाठी रागाचा एक शब्द नाही राहिला."

मामा दोन पावलं मागे सरला.

बाई पुढे झाल्या आणि खोडाला पाठ टेकून खाली बसल्या. सतरंजी नव्हती, मातीतच बसल्या. डोळे मिटले. आणि लहान मुलगी जशा आवाजात बोलते तशा आवाजात म्हणाल्या, "बाबा, माझं भांडून झालं. आता तुम्ही बोला."

वर टाकीत पाणी पडत होतं. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. मामाने माझं मनगट धरलं आणि मला टाकीच्या पलीकडे घेऊन गेला.